पंचावन्न टनांचा संसार

ना बोर्ड, ना स्क्रीन. चार मित्र, मूठभर फासे आणि एक ब्रिटिश रणगाडा. 'ट्वायलाइट : २०००'सारख्या मिलिटरी रोलप्लेइंग गेममध्ये तोफेपेक्षा मोठा प्रश्न असतो तेलाचा. आणि हो, चहाचासुद्धा!

समजा, शनिवारची संध्याकाळ आहे. आठवडाभराच्या एक्सेल शीट्स लॅपटॉपमध्ये बंद करून तुम्ही चौघं टेबलाभोवती बसलाय. मध्ये चिवड्याची प्लेट, कडेला चहाचे मग, प्रत्येकापुढे एकेक कागद. पाचवा मित्र घसा खाकरतो आणि सुरू करतो, ''ऑक्टोबर २०००. उत्तर जर्मनी. तिसरं महायुद्ध झालंय. जिंकलं कुणीच नाही, सगळे नुसते संपलेत. तुमची रेजिमेंट राहिलेली नाही. रेडिओवर कुणी उत्तर देत नाही. तुम्ही चौघं एका पडक्या गोठ्याआड आहात आणि तुमच्याकडे एक चीफ्टन आहे.''

टेबलावर एकच जल्लोष! चीफ्टन म्हणजे ५५ टनांचा ब्रिटिश रणगाडा, १२० मिलिमीटरची तोफ. आता आपल्याला कोण अडवणार?

पाचवा शांतपणे विचारतो, ''टाकीत तेल किती आहे, बघितलंत का?''

इथून खरा खेळ सुरू होतो.

फंडा काय आहे?

रोलप्लेइंग गेम ही भानगड ज्यांना नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. यात एक जण रेफरी असतो. तो परिस्थिती सांगतो. बाकीचे एकेक पात्र होतात आणि 'मी हे करतो' असं सांगतात. जमलं की फसलं हे नियम आणि फासे ठरवतात. १९७४ मध्ये आलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'पासून हा प्रकार जगभर पसरला. तिथं तलवारी आणि ड्रॅगन. मिलिटरी गेममध्ये त्यांच्या जागी रायफली आणि रणगाडे.

या जातकुळीतला सगळ्यात गाजलेला गेम म्हणजे 'ट्वायलाइट : २०००'. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या गेम डिझायनर्स वर्कशॉप या कंपनीनं तो काढला. फ्रँक चॅडविक हे त्यामागचं मोठं नाव. मूळ गोष्ट सुरू होते पोलंडमध्ये, कालिश शहराच्या परिसरात. अमेरिकेच्या पाचव्या डिव्हिजनचा धुव्वा उडालाय आणि मागे उरलेल्यांनी आपापलं बघायचंय. पुढे १९९० मध्ये ब्रिटनवरचं वेगळं पुस्तकही आलं. कंपनी १९९६ मध्ये बंद पडली, पण गेम काही मेला नाही. स्वीडनच्या फ्री लीग या कंपनीनं २०२१ मध्ये चौथी आवृत्ती आणली. तिच्यात पोलंडबरोबर स्वीडनही खेळायला मिळतं.

पुस्तकातला नायक अमेरिकन असला, तरी पश्चिम जर्मनीत शीतयुद्धभर ब्रिटिश फौजही तळ ठोकून होती. त्यामुळे 'आपण ब्रिटिश टोळी खेळू या का?' असा प्रश्न कधी ना कधी निघतोच. आणि मग खऱ्या रणगाड्याला कागदावर उतरवायचं काम येतं.

कागदावर काय लिहायचं?

पहिल्यांदा हे काम करणारा हमखास तोफेपासून सुरुवात करतो. तोफेची ताकद, समोरचं चिलखत, बाजूचं, मागचं, ताशी वेग. हे आकडे लागतातच. पण गेम खेळून मुरलेला रेफरी तुमचा कागद हातात घेतला की आधी खालच्या ओळी बघतो. टाकी किती लिटरची? तासाला किती तेल खाते? देखभालीला किती तास लागतात? वजन किती?

वजनाचं घ्या. चीफ्टन ५५ टन, चॅलेंजर १ तब्बल ६२ टन. शीतयुद्धाच्या काळात पश्चिम जर्मनीत पुलापुलापाशी पिवळ्या गोल पाट्या असायच्या. या पुलावरून केवढी लष्करी गाडी जाईल, ते त्यावर लिहिलेलं. गेममध्ये ही पाटी कुठल्याही शत्रूएवढीच धोकादायक ठरते. नदीपलीकडे जायचंय, पूल उभा आहे, पण पाटीवरचा आकडा तुमच्या वजनापेक्षा कमी आहे. आता बोला!

देखभालीचंही तसंच. रणगाडा म्हणजे काही पार्किंगमधून काढून चालवायची कार नव्हे. ट्रॅकचा ताण बघा, घसरलेले पट्टे बसवा, फिल्टर झटका, गळती शोधा. गेममध्ये त्यासाठी ठरावीक तास द्यावेच लागतात. नाही दिले, तर फासे तुमचा हिशेब चुकता करतात. आणि तुम्ही चौघं इंजिनाखाली पडलेले असताना पहारा कोण देणार, जेवण कोण शोधणार, झोपणार कोण?

गहू कुणाच्या पोटात?

आता येऊ तेलावर. या गेमच्या जगात रिफायनऱ्या गेल्यात. मग गाड्या चालतात कशावर? दारूवर! म्हणजे हातभट्टीवर काढलेल्या अल्कोहोलवर. गेमच्या जुन्या आवृत्त्यांत गाडीच्या माहितीत डिझेलशेजारी अल्कोहोललाही जागा दिलेली असते. भट्टी हा तिथं टोळीचा सगळ्यात मौल्यवान ऐवज.

थोडं गणित करू या. घाबरू नका, ऑफिसच्या बजेटपेक्षा सोपं आहे. चीफ्टनची टाकी साधारण ९०० लिटरची. कागदोपत्री रस्त्यानं तेवढ्यात ४०० ते ५०० किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला सुमारे दोन लिटर. इथेनॉलमध्ये डिझेलच्या जेमतेम ६० टक्के ऊर्जा असते, म्हणजे झाले साडेतीन लिटर. तुम्हाला ६० किलोमीटर जायचंय. लागलं २१० लिटर.

आता हे येणार कुठून? चांगल्या कारखान्यात टनभर गव्हापासून साधारण साडेतीनशे ते चारशे लिटर इथेनॉल निघतं. गावठी भट्टीत त्याहून कमीच. म्हणजे ६० किलोमीटरसाठी निदान अर्धा टन गहू. माणशी दिवसाला अर्धा किलो धरला, तर तीसेक माणसांचं महिन्याभराचं पोट.

आणि गहू तर शेजारच्या गावाच्या कोठारात आहे. हिवाळा तोंडावर आलाय.

कागदावरचा एक साधा आकडा असा अचानक तुमच्याकडे बघायला लागतो. गावकऱ्यांकडून गहू विकत घ्यायचा? बदल्यात काय द्यायचं? त्यांना लुटारूंपासून वाचवायचं वचन देऊन? की तोफ कोठाराकडे वळवून? तोफ वळवलीत, तर लुटारू कोण ते वेगळं सांगायला नको. व्हिडिओ गेममध्ये तेलाचा डबा रस्त्यात आपोआप चमकत पडलेला असतो. इथं त्या डब्याची किंमत कुणाच्या तरी ताटातून जाते. मला विचाराल, तर हा गेम चाळीस वर्षांनीही टिकून आहे तो याच्यासाठी.

सगळं खाणारं इंजिन

'पण चीफ्टन तर कुठल्याही इंधनावर चालतो ना?' टेबलावरचा अभ्यासू मेंबर लगेच म्हणेल. बरोबर आहे, आणि सगळी गंमत यातच आहे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस 'नाटो'त एक टूम निघाली. युद्धात हाताला लागेल ते इंधन घालता यावं, म्हणून लष्करी इंजिनं बहुइंधनी हवीत. ब्रिटननं ते मनावर घेतलं आणि चीफ्टनसाठी लेलँड कंपनीचं एल ६० इंजिन तयार झालं. दोन स्ट्रोकचं, एकाच सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन. कागदावर झकास. प्रत्यक्षात ७०० हॉर्सपॉवर अपेक्षित असताना सुरुवातीची इंजिनं ५८५ च्या आसपास अडकली. वर गळती, धूर, वारंवार बंद पडणं. तोफ आणि चिलखत त्या काळात जगात अव्वल, पण जागेवरून हलेल याची खात्री नाही, अशी चीफ्टनची ख्याती झाली. पुढे इंजिनात एकामागून एक सुधारणा होत राहिल्या, पण डाग पूर्ण गेला नाही.

या इंजिनाचा आपल्याशीही संबंध आहे. १९६५ पासून तमिळनाडूत आवडीच्या कारखान्यात तयार झालेला 'विजयंता' मूळचा ब्रिटनच्या व्हिकर्सचा, आणि त्याच्या पोटातही हेच एल ६० होतं.

म्हणजे बघा, ज्या कल्पनेनं खऱ्या आयुष्यात चीफ्टनची वाट लावली, ती कल्पना नेमकी या गेमच्या जगासाठीच जन्माला आल्यासारखी आहे. रूपांतर करताना दोन्ही बाजू लिहा. इंधनाच्या रकान्यात उदार व्हा, विश्वासार्हतेच्या रकान्यात कंजूष. उगाच लाडक्या रणगाड्याला झुकतं माप दिलंत की मजा गेली.

गोळे सापडले, पण…

ब्रिटिश टोळीला फसवायची रेफरीची आणखी एक हमखास युक्ती आहे. एका सोडून दिलेल्या जर्मन डेपोत १२० मिलिमीटरच्या गोळ्यांच्या पेट्या सापडतात. तुमचीही तोफ १२० मिलिमीटरचीच. टाळ्या! पण पेट्या उघडल्यावर कळतं, एकही गोळा चालणार नाही.

कारण असं की जर्मन लेपर्ड २ आणि त्या घराण्याची तोफ घेतलेला अमेरिकन एम १ ए १ यांच्या नळीला आतून आटे नाहीत, ती गुळगुळीत. ब्रिटिशांनी मात्र आट्यांची तोफ सोडली नाही. शिवाय चीफ्टन आणि चॅलेंजरमध्ये गोळा वेगळा, दारूची पिशवी वेगळी भरायची. या पिशव्या पेटू नयेत म्हणून चीफ्टनमध्ये त्या पाण्याचं आवरण असलेल्या कप्प्यांत ठेवायची सोय होती.

उलट जुनापाना सेंचुरियन बघा. त्याची १०५ मिलिमीटरची एल ७ तोफ इतकी गाजली की जर्मन लेपर्ड १ वरही तीच आणि अमेरिकन एम ६० वर तिच्यावर बेतलेली. म्हणजे अर्ध्या युरोपात गोळे सापडायची शक्यता. डेन्मार्क आणि स्वीडनकडे सेंचुरियन दशकानुदशकं होते, त्यामुळे गोष्टीत तो आणायला निमित्तही तयार. सगळ्यात नवीन मॉडेल हवं, हा मोबाइलचा नियम इथं चालत नाही.

गुपिताला मार्क किती द्यायचे?

चिलखताचा आकडा ही रूपांतरातली सगळ्यात मोठी डोकेदुखी. चॅलेंजर १ सैन्यात आला १९८३ मध्ये, म्हणजे गेमच्या जेमतेम एक वर्ष आधी. त्याचं चोबम चिलखत ब्रिटननं १९७६ मध्ये जगाला दाखवलं, पण आत नेमकं काय आहे ते सांगितलं नाही. तेव्हा पुस्तकातला कुठलाही आकडा हा अभ्यास करून मारलेला अंदाजच.

बरं, कामगिरीवरून ठरवावं तर तिथंही गोंधळ. १९८७ मध्ये 'नाटो'च्या कॅनेडियन आर्मी ट्रॉफी या नेमबाजीच्या स्पर्धेत चॅलेंजर घेऊन उतरलेली ब्रिटिश तुकडी शेवटची आली. इतकी नाचक्की झाली की ब्रिटननं पुन्हा त्या स्पर्धेत भागच घेतला नाही. चारच वर्षांनी, १९९१ च्या आखाती युद्धात, याच चॅलेंजरनी सुमारे ३०० इराकी रणगाडे टिपल्याचं सांगितलं गेलं. शत्रूच्या माऱ्यात स्वतःचा एकही गमावला नाही. मग हा रणगाडा ढ की हुशार?

उत्तर पुन्हा देखभालीत आहे. आखातात ते चालते राहावेत म्हणून जर्मनीत मागे राहिलेल्या चॅलेंजरची इंजिनं आणि सुटे भाग काढून तिकडे पाठवले गेले. वाळवंटात दिसलेल्या दिमाखामागे जर्मनीच्या शेडमध्ये पोकळ होऊन उभे राहिलेले रणगाडे होते. गेममध्ये मागे असं शेड नाही, हे विसरू नका.

आकडा बरोबरच हवा, या हट्टापायी माणूस कुठवर जातो, त्याचाही किस्सा आहे. जुलै २०२१ मध्ये 'वॉर थंडर' या कॉम्प्युटर गेममधला चॅलेंजर २ चुकीचा बनवलाय, हे सिद्ध करण्यासाठी एका खेळाडूनं लष्करी मॅन्युअलमधला मजकूरच सगळ्यांपुढे टाकला. आपण स्वतः या रणगाड्यावर कमांडर असल्याचा त्याचा दावा होता. कागदपत्रं गोपनीय निघाली आणि कंपनीनं ती काढून टाकली. तुम्ही एवढे मनाला लावून घेऊ नका. टेबलावर चौघांना पटेल तो आकडा बरोबर!

ब्रिटिशांचं गुप्त अस्त्र

आता जरा हलकं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी आलेल्या सेंचुरियनपासून ब्रिटिश रणगाड्यांत एक वस्तू असतेच. पाणी उकळायचं विजेचं भांडं! 'बॉइलिंग व्हेसल', लाडानं 'बीव्ही'. बाहेर न उतरता चहा करायचा, डबाबंद जेवण गरम करायचं. हे काम बहुतेक वेळा लोडरकडे. तोच गोळा भरणार, तोच रेडिओ बघणार आणि तोच चहा टाकणार. आपल्या ऑफिसातही एक असा मेंबर असतोच!

हसण्यावारी नेऊ नका. 'ट्वायलाइट : २०००'मध्ये गोळीइतकीच माणसं मारतात ती कॉलरा आणि हगवण. नदीचं पाणी तसंच प्यायलात की फासे टाका. ज्या टोळीकडे रोज पाणी उकळायची सोय आहे, ती टोळी आठवडाभर जास्त जगते. फक्त भांडं चालतं रणगाड्याच्या विजेवर, आणि वीज येते तेलातून. म्हणजे फिरून गव्हाच्या कोठारापाशीच आलो.

चौकट : चार गाड्या, चार स्वभाव

सेंचुरियन : १९४५ चा, साधारण ५१ टन. हळू, पेट्रोल भरपूर पिणारा, पण दणकट. १०५ मिलिमीटरचे गोळे मिळायची आशा जास्त. नवख्या टोळीला द्या.

चीफ्टन : १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातला, ५५ टन. तोफ सॉलिड, इंजिन लहरी. ज्यांना भांडत-भांडत दुरुस्ती करायला आवडते त्यांच्यासाठी.

चॅलेंजर १ : १९८३ चा, ६२ टन, १२०० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. सगळ्यात सुरक्षित, सगळ्यात खादाड. पुलांची यादी जवळ ठेवा.

चॅलेंजर २ : सैन्यात आला १९९८ मध्ये. जुन्या आवृत्तीच्या जगात शांतता टिकली असती तरच तो झाला असता, म्हणून रेफरीची परवानगी घ्या.

उतरायचं की नाही?

प्रत्येक टेबलावर एक रात्र अशी येते. तेल संपलंय, ट्रॅक तुटलाय, मागून कुणीतरी येतंय. रेफरी विचारतो, ''रणगाडा सोडताय का?'' आणि कुणीच बोलत नाही. वास्तविक तो एक कागद आहे. पण महिनाभर त्याला भरवलेलं असतं, पुसलेलं असतं, त्याच्या पोटात झोपलेले असतात सगळे.

हा प्रश्न खऱ्या माणसांनाही पडलेला आहे. १९८१ च्या जानेवारीत इराणच्या सुसनगर्दजवळच्या लढाईत चिखलात रुतलेले कितीतरी चीफ्टन सोडून द्यावे लागले. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल एका ब्रिटिश बनावटीच्या सेंचुरियनमध्ये होते. जन्म पुण्याचा, वय २१. रणगाडा पेटलेला असताना बाहेर पडायचा आदेश त्यांनी मानला नाही, कारण तोफ अजून चालत होती. ते तिथंच गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंचुरियन बघायला मिळतो. एकदा त्याच्या शेजारी उभे राहा. चार माणसं आत कशी मावत असतील, हा पहिला विचार मनात येतो.

'ट्वायलाइट'ची नवी आवृत्ती २०२१ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये पोलंडच्या शेजारी, युक्रेनमध्ये खरं मोठं युद्ध सुरू झालं. ब्रिटननं जानेवारी २०२३ मध्ये १४ चॅलेंजर २ द्यायचं जाहीर केलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये रोबोटिनेजवळ त्यातला पहिला शत्रूच्या माऱ्यात नष्ट झाला. आतली माणसं वाचल्याच्या बातम्या आल्या. अशा काळात हा गेम खेळावा का, असं कुणी विचारलं, तर उत्तर ज्यानं त्यानं शोधावं. मला एवढं दिसतं की नुसता तोफेचा आकडा बघणाऱ्याला युद्ध थरारक वाटतं, आणि गव्हाचा हिशेब करायला बसलेला माणूस जरा गप्प होतो.

तर आपली शनिवारची टोळी. रात्रीचे साडेबारा वाजलेत. चिवडा संपलाय. गावच्या प्रमुखाशी बोलणी झालीत. अर्धा टन नाही, दोन पोती गहू मिळेल, पण त्याच्या बदल्यात रणगाड्याचं सहाय्यक इंजिन रोज तासभर चालवून गावातल्या आजाऱ्यांसाठी पाणी उकळून द्यायचं. म्हणजे ६० किलोमीटर विसरा. हिवाळा इथंच.

कमांडर झालेला मित्र कागदाकडे बघतो, तोफेच्या रकान्याकडे, मग खालच्या ओळींकडे.

''चालेल,'' तो म्हणतो. ''सकाळी पाणी भरायला कोण जाणार?''